विश्लेषण : पहिला लोखंडी नांगर विकायला लागली दोन वर्षे... तरीही किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

देशात लागणाऱ्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात, ही चर्चा दर काही वर्षांनी नव्या नावाने होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, तेव्हा देशाच्या सकल उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. प्रत्यक्षात हा वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. त्यावर उपाय म्हणून २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, आली. अनुदान, जमीन, कर, कर्ज यांवर वाद सुरूच असतात. मात्र परकी सरकार, परदेशी मालाला मोकळी बाजारपेठ आणि हातात रोकड नसलेला गिऱ्हाईक अशा परिस्थितीत शंभर वर्षांपूर्वी एका चित्रकला शिक्षकाने शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला आणि तो टिकवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना हे कसे जमले आणि त्यातले आज काय उपयोगी पडेल, याचा हा आढावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घरात कारखानदारीची परंपरा नव्हती. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. त्यामुळे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला.

चित्रकला सुटली तरी रेषा सुटली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती. लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. १८८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतील कार्यशाळा त्यांच्यासाठी खरी शाळा ठरली. इंजिनीअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. परदेशी तांत्रिक मासिके वाचायची, यंत्र सुटे करायचे, पुन्हा जोडायचे आणि त्याचा आराखडा कागदावर उतरवायचा, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

सायकलच्या दुकानातून कारखाना कसा निघाला?

किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाची सुरुवात १८८८ पासून मोजली जाते, पण ती सुरुवात कारखान्याची नव्हती. सायकल ही तेव्हा नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्या बेळगावात विकत. सायकल कशी चालवायची हेही गिऱ्हाइकाला शिकवावे लागे.

पुढे व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. दोघा भावांच्या दुकानाला आता दुरुस्तीच्या कार्यशाळेची जोड मिळाली.

हा टप्पा छोटा वाटला तरी महत्त्वाचा आहे. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र कुठे मोडते ते कळते. कोणता भाग लवकर झिजतो, कोणता सुटा भाग बाजारात मिळत नाही आणि कोणत्या कामासाठी गिऱ्हाईक रोख पैसे मोजतो, हे त्याला रोज दिसत असते. किर्लोस्करांनी आधी परदेशी वस्तू विकली, मग दुरुस्त केली आणि त्यानंतर स्वतःची वस्तू घडवायला घेतली. त्यांचे पहिले उत्पादन होते कडबा कापण्याचे यंत्र. वैरणीचे बारीक तुकडे केले की जनावर ती वाया घालवत नाही, हा फायदा शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता.

लोखंडी नांगरच का?

दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही तणे खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती पुरती उलटवत नाही. वरचे तण निघाले तरी खालची मुळे शाबूत राहतात. शिवाय भारी जमिनीत लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पाते असते. फाळाने कापलेला मातीचा थर या पात्यावरून सरकत वर येतो आणि पालथा पडतो. तणाची मुळे उन्हात येतात आणि वाळून जातात.

असे विलायती नांगर बाजारात होते. मात्र त्यांची किंमत, सुट्या भागांची टंचाई आणि इथल्या बैलांची ताकद यांचा मेळ बसत नव्हता. बिडाचा फाळ मोडला तर गावचा लोहार तो सांधू शकत नव्हता आणि नवा फाळ साता समुद्रापलीकडून यायचा. म्हणजे ऐन नांगरटीच्या दिवसांत सगळा नांगरच निकामी. लक्ष्मणरावांनी विलायती नांगराचा अभ्यास केला आणि १९०३ च्या सुमारास बेळगावात स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

शेतकऱ्यांनी तो का नाकारला?

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

हा प्रसंग बहुतेक वेळा अंधश्रद्धेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच चित्र आहे. शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला, तर त्याचा नकार अडाणीपणाचा राहत नाही. लाकडी नांगर बांधावरच्या बाभळीचा असे. तो गावचा सुतार घडवून देई, लोहार त्याला फाळ लावून देई आणि त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या धान्यातून भागे. रोख पैशाचा संबंधच नसे. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजावे लागणार होते आणि ते बहुधा सावकाराकडून आणावे लागणार होते. नवे अवजार फसले तर नुसते पैसे बुडत नाहीत, अख्खा हंगाम हातचा जातो.

म्हणजे नांगराची स्पर्धा फक्त विलायती नांगराशी नव्हती. गावात उधारीवर मिळणाऱ्या, तिथेच दुरुस्त होणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या अवजाराशी ती होती. स्वदेशी माल म्हणून तो घ्या, असे सांगून हा गिऱ्हाईक वळला नसता. त्याला बांधावर उभे राहून नांगराचा तास पाहायचा होता आणि फाळ मोडला तर दुसरा कुठे मिळेल याची खात्री हवी होती.

फाळाचे गणित काय होते?

नांगराचा फाळ बनवणे दिसते तितके सोपे नाही. फाळाची धार कठीण असावी लागते, नाहीतर मातीतल्या वाळूने ती काही दिवसांत झिजते. पण सगळाच फाळ कठीण केला, तर तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडावर तुटतो. धार कठीण आणि अंग चिवट, असे दोन परस्परविरोधी गुण एकाच तुकड्यात आणावे लागतात.

ओतकामात यासाठी एक जुनी युक्ती आहे. साच्यात जिथे धार येणार तिथे वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवतात. वितळलेले बीड त्याला टेकताच झपाट्याने निवते आणि तेवढा भाग अतिशय कठीण होतो. उरलेला भाग वाळूत सावकाश निवतो आणि मऊ राहतो. हे जमण्यासाठी लोखंडातील कार्बन आणि सिलिकॉनचे प्रमाण, भट्टीचे तापमान आणि साच्याची जाडी या सगळ्यांचा मेळ लागतो. प्रयोगशाळा नसलेल्या कार्यशाळेत तो जमवायचा, तर ओता, मोडून पाहा आणि पुन्हा ओता, याला पर्याय नसतो.

किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या अडचणी नेमक्या इथे होत्या. बाहेरून पाहून नांगराचा आकार उतरवता येतो, पण त्यातले लोखंड डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी स्वतःची ओतशाळा आणि चुका करण्याइतका वेळ लागतो. लक्ष्मणरावांनी फाळाच्या टिकाऊपणावर सातत्याने काम केले आणि नांगराचे सुटे भाग वेगळे मिळतील अशी सोय ठेवली. फाळ बदलता येतो हे कळल्यावर शेतकऱ्याची निम्मी भीती गेली. ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतातील तण हटले, शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि मागणी हळूहळू वाढू लागली.

बेळगाव का सोडावे लागले?

धंदा रुळावर येत असतानाच जागेचा प्रश्न उभा राहिला. बेळगाव नगरपालिकेला शहराची वाढ करण्यासाठी किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. भट्टी, लेथ, साचे, तयार माल आणि कामगार घेऊन जायचे कुठे, हा पेच होता. बँकांचे कर्ज अशा छोट्या उद्योगाच्या आवाक्यात नव्हते. घरच्या भांडवलाचा बराचसा भाग आधीच कारखान्यात अडकला होता.

काळही समजून घ्यायला हवा. वंगभंगानंतर १९०५ पासून स्वदेशीची चळवळ जोरात होती. महाराष्ट्रात पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पण लोकांचा उत्साह आणि कारखान्याची रोजची गरज यांत अंतर असते. साबण, काड्यापेट्या, पेन्सिली यांचे कितीतरी स्वदेशी उद्योग देशभर सुरू झाले आणि भांडवलाअभावी किंवा तांत्रिक माणसांअभावी बंद पडले. बेळगावचा नांगराचा कारखानाही त्या यादीत गेला असता.

औंधच्या राजाने नेमके काय दिले?

औंधमधील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांची आणि तिथल्या राजघराण्याची ओळख झाली होती. १९०९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. किर्लोस्करांची अडचण कळल्यावर त्यांनी संस्थानच्या हद्दीतील कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

औंध हे लहानसे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता, तर सातारा, सांगली आणि विजापूरच्या भागांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला होता. अशा संस्थानासाठी ही मदत छोटी नव्हती, पण ती खैरातही नव्हती. पैसे परत करायचे होते. व्याजाचा तगादा नसल्यामुळे कारखान्याला उसंत मिळाली. जमीन माळरानाची असली तरी स्टेशनला लागून होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायला, तयार नांगर पाठवायला रेल्वे हाताशी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर जमीन, वाहतूक आणि धीराचे भांडवल या तीन गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या आणि त्यासाठी खेटे घालावे लागले नाहीत.

निवडुंगाच्या माळावर कोण आले?

१९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी कुंडल रोडला पोहोचली, तेव्हा तिथे निवडुंग आणि साप यांच्याशिवाय फारसे काही नव्हते. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे बेळगावहून सोबत आली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. आधी माळ साफ करायचा, पाण्याची सोय करायची, राहायला आडोसा उभारायचा आणि त्याच वेळी ऑर्डरीही पुऱ्या करायच्या, अशी कसरत होती.

सोबतची माणसे रूढ अर्थाने उच्चशिक्षित नव्हती. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभोअण्णा जांभेकर कामातूनच इंजिनीअर झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्ररचनेत तरबेज निघाले. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत, तर के. के. कुलकर्णी पडेल ते काम उचलत व्यवस्थापक झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि त्यांनी वसाहत विश्वासाने राखली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. जातीनिहाय वस्ती हीच रीत असलेल्या काळात हा निर्णय साधा नव्हता.

तांत्रिक मनुष्यबळ मिळत नाही, ही तक्रार आजही प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. किर्लोस्करवाडीत ते मिळण्याची शक्यताच नव्हती, म्हणून ते घडवावे लागले. ओतारी, फिटर, टर्नर, पॅटर्न बनवणारे सुतार हे सगळे कारखान्यातच तयार झाले. एकदा ही माणसे घडली की त्यांच्या जोरावर दुसरे यंत्र हाती घेता येत होते. कारखान्याची खरी मिळकत ही होती, पण ताळेबंदात ती दिसत नव्हती.

पहिले महायुद्ध संकट ठरले की संधी?

दोन्ही. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक आटली. विलायती नांगर येईनासे झाले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी कारखान्याची उपासमार सुरू झाली. कच्चे लोखंड महागले, कोळशासाठी रेल्वेच्या वाघिणी मिळेनात. साकचीला टाटांचा पोलाद कारखाना नुकताच सुरू झाला होता, पण त्याचे उत्पादन मुख्यतः युद्धाकडे वळले होते. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी स्थिती.

लक्ष्मणरावांनी मिळेल तिथून मोड गोळा केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा त्यांना वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले, म्हणून हा प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. उद्योगाच्या दृष्टीने त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. तयार मालात स्वावलंबी झालेला कारखाना कच्च्या मालासाठी परावलंबी असेल, तर तो अर्ध्यातच अडकतो. युद्धाने सरकारलाही हेच शिकवले. १९१६ मध्ये औद्योगिक आयोग नेमला गेला आणि पुढच्या वर्षी युद्धसाहित्य मंडळ स्थापन झाले, कारण सैन्याला लागणाऱ्या साध्या वस्तूही भारतात बनत नव्हत्या.

युद्ध संपल्यावर परदेशी माल पुन्हा येणार, हे उघड होते. पण मधल्या काळात हजारो शेतकऱ्यांनी देशी नांगर वापरून पाहिला होता. आयात थांबल्यामुळे किर्लोस्करांना बाजारपेठेत शिरायला मोकळीक मिळाली. तिथे टिकून राहण्याचे काम मात्र फाळाने केले.

नांगरानंतर पुढे काय?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेले हे पत्रक आधी कारखान्याची माहिती देण्यापुरते होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. मराठी घराघरांत किर्लोस्कर हे नाव नांगराइतकेच या मासिकांनी पोहोचवले.

कारखान्यात उत्पादनांची संख्या वाढत होती, पण ती मनाला येईल तशी वाढली नाही. कडबा कापण्याचे यंत्र, नांगर, उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आणि हातपंप ही यादी पाहिली, तर दोन गोष्टी समान दिसतात. गिऱ्हाईक तोच, शेतकरी. आणि कामाचा पाया तोच, ओतशाळा. नव्या वस्तूसाठी सगळे नव्याने शिकावे लागत नव्हते. आधीच्या वस्तूतून मिळालेले कसब एक पायरी वर नेले की भागत होते.

त्यातली मोठी पायरी होती १९२६ मधला सेंट्रिफ्युगल पंप. तोवर विहिरीचे पाणी मोटेने काढले जाई. बैलजोडी धावेवरून दिवसभर मागेपुढे करणार आणि चामड्याची मोट भरून-रिती होणार. पंपाने हे काम यंत्राकडे दिले. पण पंप फिरवायला इंजिन लागते, म्हणून डिझेल इंजिन आले. वीज पोहोचू लागली तशी मोटर आली. ही यंत्रे बनवायला यंत्रे लागतात, म्हणून लेथ आले. याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून यांत्रिकी अभियांत्रिकी शिकून परतले. वडिलांनी मासिके वाचून जे मिळवले, त्याला आता गणिताची आणि शिस्तबद्ध उत्पादनाची जोड मिळाली.

पुढच्या वीस वर्षांत व्यवसाय वाडीच्या बाहेर पसरला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक अशा कंपन्या उभ्या राहिल्या. एका नांगरातून मशीन टूल, इंजिन आणि मोटर यांच्यापर्यंत जायला साधारण चार दशके लागली.

अखेरच्या काळात काय घडले?

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि व्यवसाय यांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. चार दशकांत उभे केलेले डोळ्यांदेखत जळताना पाहण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थानही विलीन झाले. ज्या आश्रयावर वाडी उभी राहिली, तो आश्रय आता उरला नव्हता.

तरी कारखाना पुन्हा सुरू झाला. इमारती आणि यंत्रे जळाली होती, पण ती चालवणारी माणसे आणि शेतकऱ्यांमध्ये कमावलेले नाव शिल्लक होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात हा कारखाना आजही पंप तयार करतो.

आजच्या धोरणासाठी याचा अर्थ काय?

लक्ष्मणरावांची चिकाटी हा या कथेचा एक भाग झाला. तेवढ्यावर सगळे श्रेय टाकले, तर धोरण आखणाऱ्यांना त्यातून काही घेता येत नाही, कारण चिकाटीची योजना काढता येत नाही. त्यांच्या वाटचालीत नशिबाचाही भाग होता. उद्योगाची कदर असलेला राजा भेटला, युद्धाने स्पर्धक काही काळ दूर ठेवले. हे दोन्ही पुन्हा घडवून आणता येणार नाही. पण त्यातून जे मिळाले, ते म्हणजे स्वस्त जागा, परतफेडीसाठी उसंत आणि शिकण्यापुरता वेळ, ते देता येण्यासारखे आहे.

इथे सध्याच्या योजनांची एक मर्यादा दिसते. पीएलआयमध्ये प्रोत्साहन मिळते ते बहुतांशी वाढीव विक्रीवर. आधारवर्षापेक्षा जितका जास्त माल विकला, त्याच्या ठरावीक टक्के रक्कम सरकार देते. मोबाइल जोडणीसारख्या मोठ्या उद्योगांना हे सोयीचे आहे. पण ज्याची वस्तू तयार आहे आणि गिऱ्हाईक अजून तयार नाही, अशा उत्पादकाला त्यात जागा नाही. १९०३ मधले किर्लोस्कर या निकषावर अपात्र ठरले असते, कारण त्यांची विक्रीच शून्य होती.

छोट्या उत्पादकाचा दुसरा प्रश्न अडकलेल्या पैशांचा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२४ पासून वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही, अशी प्राप्तिकरातील तरतूदही लागू झाली. एवढे नियम करावे लागतात, यावरूनच दुखणे किती जुने आहे ते कळते. पुढच्या फाळासाठी लोखंड घ्यायचे पैसे मागच्या फाळाच्या बिलात अडकले असतील, तर फाळ सुधारण्याचे प्रयोग कोण करणार?

औंधने १९१० मध्ये १०,००० रुपये आणि माळाची ३२ एकर जमीन दिली, त्यामागे उत्पादनाचे लक्ष्य नव्हते की विक्रीची अट नव्हती. ज्या माणसाने दोन वर्षे न खपलेला नांगर सुधारत ठेवला, तो पुढेही सुधारत राहील, एवढाच अंदाज होता. असा अंदाज बांधून थांबण्याची तयारी आज कोणती बँक, कोणते महामंडळ किंवा कोणते खाते दाखवते, यावर पुढची किर्लोस्करवाडी ठरेल.